आर्डिस ट्रेलर जोडते

लग्नानंतरची चाळीसेक वर्षं आर्डिस क्राजिचेक पिकअपच्या मागे उभी राहून हात हलवत आली. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत, गाई पाळणाऱ्या घरांत, बायकांना हे काम लग्नाबरोबरच मिळतं आणि त्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढत नाही. नवरा गाडीत बसून आरशात बघत पिकअप मागे घेतो. बायको ट्रेलरपाशी उभी राहून हातांनी सांगते: ये, ये, जरा डावीकडे, अजून, थांब. नवरा थांबत नाही. धाडकन आवाज होतो. मग नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारतो, "आधी सांगता येत नव्हतं?"

यानंतर दोघं जे शब्द वापरतात ते चर्चमध्ये चालत नाहीत. म्हणून त्या मुलखात एक शहाणा रिवाज आहे. ट्रेलर जोडताना नवरा-बायको एकमेकांना जे काही बोलतील ते अंगणातच टाकून यायचं, घरात आणायचं नाही. आर्डिस हा रिवाज पाळायची. एकदाच काय तो तिनं जरा जास्त पाळला. बोलणं अंगणात टाकलं, सोबत नवऱ्यालाही टाकलं, आणि आतून कडी लावून खसखशीचं सारण भरलेले कोलाचे, म्हणजे गोड पाव, भाजत बसली. मायलो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. तिनं त्याला वास घेऊ दिला, मग दार उघडलं.

तसा मायलो क्राजिचेक मवाळ माणूस. गाय अडली तर तिच्याशी लाडीगोडीनं बोलत तासन् तास बसेल. पण ट्रेलर जोडायला घेतला की त्याच्या अंगात यायचं. गेली दोन-अडीच वर्षं मात्र चमत्कार झाला होता. तो गुमान तिच्या हातांकडे बघायचा, ती थांब म्हणाली की थांबायचा, ट्रेलर अडकवायचा गोळा पहिल्याच खेपेला बरोबर जागेवर यायचा. आर्डिसनं बहिणीला फोनवर सांगितलं, "आमचा मायलो म्हातारपणी का होईना, माणसात आला."

मग मार्च उजाडला आणि मायलो लायसन्स नवं करून घ्यायला काउंटीच्या मुख्य गावी गेला. तिथं यंत्राला डोळे लावून अक्षरं वाचायची होती. मायलोनं ती खणखणीत आवाजात वाचली. फक्त ती अक्षरं तिथं नव्हती. काउंटरवरच्या बाईनं त्याला पुन्हा एक संधी दिली, मग आणखी एक, आणि शेवटी जुनं लायसन्स परत न देता डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. डॉक्टर म्हणाला, नजरेचा मधला भाग गेलाय. कडा शाबूत आहेत, मधलं काही दिसायचं नाही, आणि हे सुधारणारं नाही.

"म्हणजे कसं?" आर्डिसनं विचारलं.

"म्हणजे माणसाचे कान दिसतात, टोपी दिसते, नाक दिसत नाही," मायलो म्हणाला. "बॉइडच्या बाबतीत त्यात तोटा काहीच नाही."

बॉइड हा मायलोचा चुलतभाऊ, शेजारच्या रँचवरचा. मनानं वाईट नव्हता. फक्त त्याला एक सवय होती: दुसऱ्याला झेपेनासं झालेलं काही दिसलं की तो कॉफी प्यायला यायचा. त्या आठवड्यात तो आला. पाय ताणून बसला, हवेबद्दल बोलला, गवताबद्दल बोलला आणि मग म्हणाला, "मायलो, गाई मला देऊन टाक. भाव वाजवी देईन. घरातल्या घरात राहतील."

मायलो कपाकडे बघत होता, म्हणजे कपाच्या बाजूला. "मेमध्ये गाई उन्हाळी कुरणावर न्यायच्यात," तो म्हणाला. "त्या दिवसापर्यंत थांब. संध्याकाळी सांगतो."

आर्डिसला कळलं की हे 'हो'च आहे, फक्त तारीख पुढची घातली आहे. उन्हाळी कुरण तासाभराच्या वाटेवर. गाई-वासरं तिथं ट्रेलरमधूनच न्यायची. शेजारी एक दिवस मदतीला येतात, पण ऑगस्टमध्ये गाय लंगडायला लागली, बैल कुंपण तोडून दुसऱ्याच्या गाईंत जाऊन बसला, तर दर वेळी कुणाला बोलावणार? ज्या घरात ट्रेलर ओढणारं कुणी नाही त्या घरात गाई राहत नाहीत, हे तिकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

आणि गाई नसलेला मायलो कसा असेल हेही तिला ठाऊक होतं. मागे एकदा कंबर धरल्यामुळे तो दोन आठवडे घरात होता. तेव्हा त्यानं खिडकीशी बसून फ्रिजच्या आवाजाबद्दल, तिच्या चपलांच्या आवाजाबद्दल आणि ती सूप ढवळते त्या दिशेबद्दल मतं दिली होती. पण विनोद सोडला तर तिला भीती वाटत होती. गाई गेल्या की हा माणूस हळूहळू विझेल आणि ते आपल्याला रोज बघावं लागेल, अशी सरळ साधी भीती.

तिनं बॉइडच्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाली, "ट्रेलर मी ओढेन."

बॉइडचा चमचा थांबला. "तू? गूझनेक?"

"दुसरा कुठला आहे आमच्याकडे?"

"अगं पण तुला..."

"चाळीस वर्षं जोडून घेतेय, बॉइड. फक्त उलट्या बाजूनं."

साधा ट्रेलर गाडीच्या मागे बंपरखाली अडकतो. गूझनेकची तऱ्हा वेगळी. त्याची लोखंडी मान हंसासारखी वर उठते आणि पिकअपच्या मागच्या पाडलेल्या झडपेवरून, म्हणजे फाळक्यावरून, वाकून थेट मागच्या उघड्या हौद्यात उतरते. हौद्याच्या मधोमध, मागच्या चाकांच्या आसाच्या वर, मुठीएवढा पोलादी गोळा बसवलेला असतो. मानेच्या टोकाला उलटी वाटी. ती वाटी गोळ्यावर बसवायची, खालून खिट्टी सरकवून गोळा आत कोंडायचा, खिट्टीत खीळ घालायची, साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची वायर जोडायची. भार गाडीच्या शेपटावर न येता पाठीवर येतो, त्यामुळे दहा-बारा गाई भरल्या तरी ट्रेलर रस्त्यावर डुलत नाही. सांगायला एवढंच आहे. आर्डिसनं ट्रॅक्टर चालवला होता, गवताचे गठ्ठे भरलेला ट्रक चालवला होता, वादळात शाळेची बससुद्धा चालवली होती. पण गूझनेक कधी जोडला नव्हता, कारण तिकडे जो जोडतो तोच चालवतो, आणि जोडायचा मायलो.

पहिले काही दिवस तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन उभा करून शिकवण्या बघितल्या. त्यातली पोरं स्वच्छ टोप्या घालून भराभर बोलत. गोळा केवढा हवा, कुठल्या पिकअपला गोळा धरणारा कुठला पट्टा बसतो, किती पौंड झेपतात. आर्डिस कणीक मळता मळता ऐकायची आणि मायलो पलीकडच्या खोलीतून शेरे मारायचा.

"त्या पोराचे बूट कसे आहेत गं?"

"कोरे करकरीत."

"मग त्याचं ऐकू नकोस."

थोड्या वेळानं पुन्हा आवाज यायचा. "वाटी खाली सोडायच्या आधी खिट्टी उघडायची, हे सांगितलं का त्यानं?"

"सांगितलं."

"बंद राहिली तर वाटी गोळ्यावर नुसती टेकते, बसत नाही. वरून बघणाऱ्याला सगळं झकास दिसतं. पहिल्या खड्ड्याला ट्रेलर उडी मारतो."

"सांगितलं रे त्यानं!"

"आणि जोडताना कुणाशी बोलायचं नाही. कुणी मध्ये बोललंच तर पहिल्यापासून सुरुवात. हे सांगितलं?"

हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. हे टेकड्यांतलं होतं. तिथं ट्रेलर जोडणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही. पलीकडे गोठा पेटला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आधी खाकरतात.

एप्रिलच्या एका वाऱ्याच्या सकाळी दोघं अंगणात उतरली. आर्डिस गाडीत, मायलो मागे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच उलटापालट झाली होती आणि दोघांनाही ती जरा गमतीची वाटत होती. ती गंमत पहिल्या मिनिटात संपली. आर्डिसनं पिकअप मागे घेतली, मायलोनं दोन्ही हातांनी ये-ये केलं, आणि लोखंडी मान फाळक्यात घुसली. फाळका खाली पाडायचा राहून गेला होता.

"फाळका!" मायलो ओरडला.

"आता सांगतोस?"

"ड्रायव्हरनं बघायचं असतं!"

"मागे उभं राहणाऱ्यानं सांगायचं असतं! इतकी वर्षं हेच ऐकवत आलास ना मला?"

यापुढचं रिवाजाप्रमाणे अंगणातच राहू द्यावं. शेवटी फाळका कुरकुरत खाली आला, मध्ये चांगलाच खोलगट होऊन. आर्डिसनं पुन्हा गाडी मागे घेतली. मायलो हातांनी बोलवत होता. मग त्यानं दोन तळवे समोरासमोर धरून अंतर दाखवलं, वीतभर उरलंय असं, आणि मग मूठ वळली. थांब. ती थांबली. खाली उतरून बघते तर गोळा आणि वाटी यांच्यात हातभर अंतर, आणि तेही तिरकं.

तिच्या तोंडावर पुढची शिवी आलीच होती. पण मायलोची मान कशी आहे ते तिनं बघितलं. तो गोळ्याकडे बघतच नव्हता. मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, कुठंतरी कुंपणाच्या बाजूला बघत होता. कोंबडी दाण्याकडे बघते तसा.

"मायलो, गोळा दिसतोय का तुला?"

"दिसतोय की."

"कुठं आहे?"

मायलोनं बोट केलं. बोटाच्या रोखानं हौद्याच्या कोपऱ्यात डिझेलचा डबा होता.

आर्डिस फाळक्यावर बसली. वारा तिच्या टोपीशी झोंबत होता. तिला एकदम दोन-अडीच वर्षांची ती शांतता आठवली आणि ती शांतता कशाची होती ते लख्ख कळलं.

"कधीपासून?"

मायलोनं उगाच पायानं वाळू उकरली. "ज्या वर्षी गारा पडल्या ना, त्या वर्षीपासून. तेव्हा थोडंच होतं."

"मग जोडत कसा होतास?"

"तुझे हात बघून. आरशाच्या कडेला तुझे हात दिसायचे. ते हलले की हलायचं, थांबले की थांबायचं. गोळा मला दिसतच नव्हता, आर्डिस."

"आणि रस्त्यावर?" तिचा आवाज चढला. "गाई भरून हायवेला जात होतास तू! मी शेजारी बसलेली असायचे!"

"रस्त्यावर तू बोलत असतेस ना," मायलो म्हणाला. "बघ तो ट्रक आला. बघ ती हरणं. बघ, पोस्टातली बाई हात करतेय. तू काहीही सोडत नाहीस."

आर्डिस चिडली, मनापासून चिडली. गाईंसाठी, समोरून येणाऱ्या परक्या माणसांसाठी, आणि बहिणीला केलेल्या त्या फोनसाठी. ती त्याला बोलली आणि मायलोनं सगळं ऐकून घेतलं. पण बोलता बोलता तिला रडूही येत होतं. तो सुधारला म्हणून आपण खूष होतो, आणि तो बिचारा भांडायला घाबरत होता. भांडण झालं आणि तिनं हात खाली घेतले तर तो आंधळाच झाला असता.

"सांगायचं नाहीस?" ती शेवटी म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, गाई विकू या."

ती खरंच तसं म्हणाली असती. त्या दुपारी तिनं त्याला घरात घेतलं, भांडण बाहेर ठेवलं, आणि दोघांनी थंड बीफचे सँडविच खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच शिकू लागली. मायलोचे हात आता उपयोगाचे नव्हते आणि तिचे स्वतःचे हात स्टिअरिंगवर होते. तिनं पिकअपच्या मागच्या काचेवर मधोमध लाल चिकटपट्टीची उभी रेघ ओढली, तशीच एक ट्रेलरच्या मानेवर ओढली. दोन्ही रेघा एकावर एक आल्या की गाडी सरळ. किती मागे जायचं ते कळायला तिनं फाळक्याच्या कडेला खूण केली. सरळ जोडणं आठवडाभरात जमलं. वळणं जमायला वेळ लागला. गूझनेक वळणावर आतल्या बाजूनं कापत जातो, गाडी निघून गेली तरी मागचा ट्रेलर कोपऱ्यातलं जे असेल ते घेऊन येतो. तिनं असाच एकदा कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब घेतला. मायलोच्या लांब चड्ड्या ट्रेलरच्या जाळीला लटकत रस्त्यापर्यंत गेल्या, आणि नेमका तेव्हाच बॉइड समोरून आला.

त्यानं गाडी थांबवून काच खाली केली. "आर्डिस, निशाण कुठल्या देशाचं?"

"तुझ्याच खानदानाचं आहे, नीट बघ."

बॉइड हसला. पण जाताना त्यानं ट्रेलरभोवती नजर फिरवली, तशी नजर लिलावात फिरवतात. आर्डिसला ती आवडली नाही. त्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत वळत राहिली.

मायलो या सगळ्यात पायरीवर बसून असायचा. सल्ले देणं त्यानं बंद केलं होतं आणि ते तिला सल्ल्यांहून जास्त खुपत होतं. संध्याकाळी ती विचारायची, "आज कसं झालं?" तो म्हणायचा, "आवाज बरा आला." याच्या पुढे काही नाही. गाईंबद्दलही काही नाही. तिला वाटायला लागलं की यानं मनातून गाई देऊन टाकल्यात, आणि आपण उगाच अंगणात गोल गोल फिरतोय.

मेचा तो दिवस आला. सकाळीच शेजारी आपापले ट्रेलर घेऊन हजर झाले, कारण तिकडे गाई हलवायच्या म्हणजे सगळ्यांनी यायचं, मग आठवड्यानं दुसऱ्याकडे जायचं. वासरं एका ट्रेलरमध्ये, गाई दुसऱ्यांत, नाहीतर वाटेत तुडवातुडवी होते. वासरं बॉइडच्या ट्रेलरमध्ये भरली. मग सगळे पुरुष कुंपणाला टेकून उभे राहिले. बघायला नव्हते आले म्हणे, फक्त टेकायला.

आर्डिसनं काचेतून बघितलं. लाल रेघेवर लाल रेघ. ती सावकाश मागे आली, खूण आली, थांबली. उतरून बघितलं तर वाटी बरोबर गोळ्यावर. कुंपणाजवळून कुणीतरी शीळ घातली. तिचे कान गरम झाले, तिला फार बरं वाटलं. ती ट्रेलरची मान वर-खाली करणाऱ्या जॅकपाशी गेली.

"आर्डिस," बॉइडनं हाक मारली, "जेवायला चिली आहे ना? आणि सिनॅमन रोल?"

चिली म्हणजे बीफ-राजम्याचा रस्सा, आणि त्याबरोबर दालचिनीचा गोड सिनॅमन रोल नसेल तर नेब्रास्कातला माणूस पाहुणचार धरत नाही. "आहेत रे," आर्डिस म्हणाली. "ओव्हनवर झाकून ठेवलेत." ते सगळ्यांना पुरतील का, याचा हिशेब करत तिनं जॅकचं हँडल फिरवलं. वाटी खाली आली. जॅकचा पाय उचलला गेला. तिनं साखळ्या अडकवल्या, वायर जोडली, वर चढून बघितलं. खीळ जागच्या जागी होती.

बॉइडनंही वाकून बघितलं. "खीळ आहे, साखळ्या आहेत. छान जोडलंस. चल, गाई भरू."

तेवढ्यात मायलो पायरीवरून उठला. तो चाचपडत हौद्याच्या कडेनं आला, चाकावर पाय देऊन वाकला आणि हात आत घातला. बोटं वाटीच्या कडेवरून खाली गेली, खालच्या बाजूनं फिरली आणि थांबली.

"आर्डिस," तो म्हणाला, "खिट्टी."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. खीळ जागच्या जागी होती, कारण तिनं ती काढलीच नव्हती. खिट्टी उघडलीच नव्हती. बंद खिट्टीवर वाटी नुसती टेकली होती, आणि दहा-बारा गाई भरून ती तशीच हायवेला निघाली असती.

"होतं असं कुणाच्याही हातून," बॉइड म्हणाला.

"ती जोडत असताना तू बोललास ना?" मायलोनं विचारलं. तो बॉइडच्या कानाकडे बघत होता.

"मी आपलं जेवणाचं..."

"पाद्री बाप्तिस्मा देत असताना त्याला जेवणाचं विचारतोस का तू? पोर बुडवायचंय का तुला?"

कुंपणाला टेकलेले सगळे हसले. आर्डिस हसली नाही. ती मायलोच्या जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बॉइडलाच नेऊ दे गाई. माझे हात कापतायत."

"कापू देत," मायलो म्हणाला. "स्टिअरिंग धरलं की थांबतील. पहिल्यापासून कर."

तिनं पहिल्यापासून केलं. साखळ्या सोडल्या, वायर काढली, जॅकनं मान वर उचलली, खीळ काढली, खिट्टी उघडली. अंगणात कुणी हूं की चूं केलं नाही. गाईही गप्प होत्या म्हणायला हरकत नाही. वाटी उतरली आणि या वेळी खालपर्यंत उतरली, जड दार लागतं तसा आवाज झाला. तिनं खिट्टी सरकवली, खीळ घातली. मायलोनं पुन्हा हात आत घातला, सावकाश फिरवला.

"बसली," तो म्हणाला.

गाई भरल्या. मायलो शेजारच्या सीटवर चढला. त्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता, त्यामुळे पट्टा कुठं आहे ते शोधण्यात बराच वेळ गेला. बाकीच्यांचे ट्रेलर अजून भरायचे होते, म्हणून फक्त बॉइड वासरं घेऊन मागून निघाला. निघताना त्यानं खिडकीशी येऊन विचारलंच, "मग, मायलो? काय ठरलं?"

"संध्याकाळी म्हटलं होतं ना," मायलो म्हणाला.

आर्डिसनं गाडी सुरू केली. हायवेवर ती सगळ्या वाटेत बोलत राहिली, सवयीनं. बघ तो गवताचा ट्रक. बघ, तळ्यावर बगळे आलेत. मायलो ऐकत होता. ट्रेलर मागे शहाण्यासारखा येत होता, गाई मधूनच पाय आपटत होत्या. तिची भीती मात्र गेली नव्हती. ट्रेलर जमला, पण या माणसाच्या मनात काय आहे ते तिला अजून कळलं नव्हतं.

डांबरी रस्ता सोडून कुरणाकडच्या वाळूच्या वाटेला लागल्यावर पहिलं फाटक आलं. तिनं गाडी थांबवली. मायलो सीटवर निवांत बसला होता. ती थांबून राहिली. तोही थांबून राहिला. मागून बॉइडनं हॉर्न दिला.

"मायलो," ती म्हणाली.

"काय?"

"फाटक."

फाटक उघडायचं काम शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचं. टेकड्यांत याला अपवाद नाही. मायलो तोंडातल्या तोंडात पुटपुटत उतरला. फाटक म्हणजे काटेरी तारांना काठ्या बांधून केलेलं. शेवटची काठी खांबाजवळ ओढायची आणि वरून तारेचं कडं तिच्यावर अडकवायचं. मायलोनं चाचपून कडं सोडवलं, फाटक बाजूला ओढत नेलं. आर्डिस पलीकडे गेली, बॉइड पलीकडे गेला. आता बंद करायचं होतं. मायलोनं काठी मिठीत घेतली, खांद्यानं खांबाला रेटली. कडं चार बोटं दूर राहिलं. त्यानं पुन्हा रेटलं. टोपी पडली. तो फाटकाला जे बोलला ते गाईंनी ऐकलं.

बॉइडनं दार उघडलं. "मी येतो, मायलो."

आर्डिसनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बॉइड, गाडीत बस."

बॉइड बसला. ती आरशात बघत राहिली. हे फाटक इतकं ताणून मायलोनंच बांधलं होतं, सगळीच त्यानं बांधली होती. चाळीस वर्षं ती उतरून त्यांच्याशी कुस्ती खेळत आली आणि दर वर्षी सांगत आली की जरा ढिलं कर. तो गाडीत बसून म्हणायचा, ढिली फाटकं आळशी लोकांची. आता तो दोन्ही हातांनी काठी छातीशी धरून, डोळे मिटून जोर लावत होता. मिटले काय आणि उघडे काय. शेवटी कडं बसलं.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता आणि तळहाताला तार लागली होती. त्यानं रक्त पँटला पुसलं, पट्टा शोधला, या वेळी लगेच सापडला.

"हे फाटक ढिलं करायला हवं," तो म्हणाला. "सगळीच करायला हवीत. पुढच्या वर्षी माझ्यानं एवढं ओढवायचं नाही."

पुढच्या वर्षी. आर्डिसनं ते ऐकलं आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. तिनं गिअर टाकला, आणि गाई घेऊन ती पुढच्या फाटकाकडे निघाली.